निर्वंश झालेलीं मूषककुलें

श्रावण सरतां सरतां लोणावळ्याचा पाऊस थोडी उसंत घेतो, आणि मग घरोघरीं कपाटें उघडून कपडे व पुस्तकें यांना ऊन दाखविण्याचा उद्योग चालतो. यंदा आम्हीं तसें कपाट उघडलें, तों आमच्या जुन्या अमरकोशाची पाठ कुरतडून तिचा भुगा झालेला! अपराधी कोण, हें सांगावयास नकोच. सौभाग्यवतींनीं तत्काळ पिंजरा काढून त्यांत खोबऱ्याचा तुकडा अडकविला. इकडे आमच्या दहा वर्षांच्या नातवास कपाटामागें एका जुन्या उंदराची वाळलेली कवटी सांपडली. ती तळहातावर घेऊन तो कितीतरी वेळ तिचे लांब पिवळे दांत पाहत राहिला आणि मग म्हणाला, “आबा, डायनोसॉर होते तेव्हां आपल्या लोणावळ्यांत उंदीर होते का हो?”

तीस वर्षांहून अधिक काळ मास्तरकी केलेल्या माणसास प्रश्न विचारला म्हणजे उत्तर दिल्यावांचून राहवत नाहीं. पण हें उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें. तें शोधण्यांत दोन महिने गेले, आणि शोधतां शोधतां जें हातीं आलें तें नातवापुरतें ठेवावें असें वाटेना. म्हणून हा लेख.

प्रथम नांवापासून आरंभ करूं. ‘मूषक’ हा शब्द ‘मुष्’ म्हणजे चोरणें या धातूपासून झाला, असें आपले वैयाकरण सांगतात. खणण्याची खोड म्हणून तोच ‘आखु’. आणि ‘उन्दुरु’ या तिसऱ्या नांवावरून मराठींतील उंदीर. ग्रीकांचा ‘मिस’, रोमन लोकांचा ‘मूस’ व इंग्रजांचा ‘माउस’ हे सारे आपल्या ‘मूष्’चेच भाऊबंद होत. प्राणिशास्त्रांत या सबंध गणास ‘कृंतक’ म्हणजे कुरतडणारे असें म्हणतात. या गणांत उंदीर व घूस तर येतातच. शिवाय खार, साळिंदर आणि आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून मान पावलेलें भीमाशंकरच्या रानांतील शेकरू हींही येतात. ससा मात्र यांत येत नाहीं. त्याच्या वरच्या पटाशीच्या दांतांमागें लहान दांतांची आणखी एक जोडी असते, म्हणून शास्त्रज्ञांनीं त्याचा गण वेगळा काढला आहे. पृथ्वीवरील सस्तन प्राण्यांच्या जाती मोजल्या तर शंभरांतील सुमारे चाळीस या एकट्या कृंतक गणाच्या भरतात.

या गणाचें सारें मर्म दांतांत आहे. वर दोन व खालीं दोन असे पटाशीचे चार दांत. ते जन्मभर वाढत राहतात. घरांतील उंदराचा दांत आठवड्यास दोन-तीन मिलिमीटर वाढतो, आणि कुरतडून झिजविला नाहीं तर तोंडांतच वळून त्याच्या धन्याचा जीव घेतो. म्हणजे आमच्या कोशाची पाठ त्यानें केवळ खोडसाळपणानें खाल्ली असें नव्हे! या दांतांवर लुकण असतें तें फक्त पुढच्या बाजूस. मागची बाजू मऊ, म्हणून ती लवकर झिजते व धार आपोआप राहते. सुताराची पटाशी अशीच असते. पुढच्या दांतांमागें मोकळी जागा, आणि तिच्या पलीकडे दाढा. या दाढांवरील उंचवटे व खळगे प्रत्येक कुलाचे निरनिराळे असतात. आपल्याकडे गोत्र-प्रवर विचारून कुल ठरवितात; उंदराच्या बाबतींत तें दाढ पाहून ठरवितां येतें. मोहरीच्या दाण्याएवढी एक दाढ सांपडली तरी जाणता मनुष्य तिच्या धन्याचें कुल सांगूं शकतो. हाडें कुजतात, पिचतात, नाहींशीं होतात. लुकणाची दाढ मात्र कोट्यवधि वर्षें टिकते. पुढील सर्व कथा या दाढांच्या साक्षीवर उभी आहे.

आतां नातवाच्या प्रश्नाकडे वळूं. आपलें मावळ ज्या काळ्या पाषाणावर वसलें आहे, ज्यांत कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणीं कोरलीं आहेत, तो सारा पाषाण ज्वालामुखीचा थिजलेला रस आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून हा रस उफाळून बाहेर आला, थरावर थर चढले, आणि आजही त्यांनीं सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. डोंगराच्या कडेला हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. आमच्या वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल, परंतु भूगर्भशास्त्रज्ञांनीं या थरांस जीं नांवें दिलीं आहेत त्यांत एका समूहाचें नांव ‘लोणावळा’ असून त्यांतील एका थराचें नांव ‘खंडाळा’ आहे. ज्यांनीं हीं गांवें कधीं पाहिलीं नाहींत असे परदेशचे अभ्यासकही हीं नांवें घेतात.

पण या थरांत उंदीर शोधावयाचा म्हणजे चुलींतील निखाऱ्यांत लोणी शोधण्यासारखें आहे. तापलेल्या रसांत हाड कसचें टिकतें? शिवाय काळही जुळत नाहीं. हा रस वाहत होता तेव्हां जगांत खरा कृंतक कोठेंच जन्मला नव्हता असें आजवरच्या पुराव्यावरून दिसतें. त्यांचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांचे असून ते उत्तरेकडील खंडांत सांपडतात. त्या काळीं आपला भारत समुद्रानें वेढलेलें बेट होऊन उत्तरेकडे सरकत होता. तेव्हां नातवास पहिलें उत्तर असें द्यावें लागलें: “बाळ, डायनोसॉर असतांना लोणावळ्यांत उंदीर नव्हते, आणि आहे हें लोणावळें तरी तेव्हां कोठें होतें?”

तरीही हा पाषाण अगदींच मुका नाहीं. रसाचा एक पूर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यें पुष्कळ काळ जाई. त्या अवधींत माती होई, तळीं सांचत, झाडें उगवत. अशा मधल्या गाळाच्या थरांतून कांहीं साक्षी मिळाल्या आहेत. मुंबईस वरळीच्या थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले, आणि १८४७ सालीं रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. हैदराबादेजवळील नसकल येथें अशाच थरांत चिचुंदरीएवढ्या एका सस्तन प्राण्याच्या दाढा मिळाल्या. १९८८ सालीं प्रसाद व साहनी या भारतीय शास्त्रज्ञांनीं त्याचें नांव ‘डेक्कनोलेस्टिस’ असें ठेविलें, आणि नागपूरचे जुने मिशनरी व भूगर्भाभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांचें नांव त्याच्या जातीस जोडलें. ‘लेस्टिस’ म्हणजे ग्रीक भाषेंत लुटारू. तेव्हां नांवाचा अर्थ झाला ‘दख्खनचा लुटारू’. आपल्या पूर्वजांनीं मूषकास चोर म्हटलें, यांनीं या प्राण्यास लुटारू म्हटलें! मात्र हा लुटारू कृंतक नव्हे. त्याच्या दाढा कीटक फोडणाऱ्याच्या आहेत, कुरतडणाऱ्याच्या नाहींत.

खरा मूषक पाहावयाचा तर आपणांस घाट उतरून उत्तरेकडे सुरत जिल्ह्यांत जावें लागेल. तेथें वस्तान या गांवीं लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळशाची उघडी खाण होती. हा कोळसा आपल्या काळ्या पाषाणाच्या वर, पाषाण थंड झाल्यावर लाखों वर्षांनीं, समुद्रकांठच्या दलदलींत बनला. त्याचें वय सुमारे ५ कोटी ४० लाख वर्षें धरतात. शास्त्रज्ञांनीं तेथील मातीचीं पोतीं भरून नेलीं, ती पाण्यांत भिजवून बारीक चाळण्यांतून धुतली, आणि चाळणींत उरलेला कण अन् कण भिंगाखालीं धरून वेचला. आपल्या घरच्या बायका तांदूळ निवडतात तसेंच हें काम. फक्त येथें खडे ठेवावयाचे आणि बाकीचें टाकावयाचें! या वेचणींत वटवाघुळें, पक्षी, साप अशा नाना प्राण्यांचे अवशेष मिळाले, आणि त्यांतच कांहीं दाढा कृंतकाच्या निघाल्या. राणा, किशोर कुमार, साहनी व त्यांचे परदेशी सहकारी यांनीं २००८ सालीं त्यांचें वर्णन केलें, आणि त्या प्राण्यास नांव दिलें ‘मेल्डिमिस मूसक’. हें वाचून आम्ही क्षणभर थबकलों. आमच्या कोशांतला मूषक, ज्याच्या वंशजानें तो कोश खाल्ला तोच, साडेपांच कोटी वर्षांपूर्वींच्या दाढेवर विराजमान झालेला पाहिला!

वंशज म्हटलें खरें, पण येथें आम्हीं स्वतःसच लाल शाईनें सुधारलें. वस्तानचा मूसक आपल्या घरच्या उंदराचा पूर्वज नव्हे. तो ‘इस्किरोमायिडी’ नांवाच्या अतिप्राचीन कुलांतला. आणि तें कुल आज पृथ्वीवर कोठेंही नाहीं. त्याची शाखा तोंवर युरोप व उत्तर अमेरिका येथेंच ठाऊक होती. जर्मनींत मेसेल येथें या शाखेंतील एका मोठ्या प्राण्याचा लांब शेपटीसह सबंध सांगाडा दगडांत उमटलेला मिळाला आहे. त्यावरून पाहतां हीं जनावरें खारीसारखीं झाडांवर राहणारीं असावींत. आपणांस कल्पना करावयाची तर शेकरू डोळ्यांपुढें आणावें. युरोपांतला सोयरा गुजरातेंत निघाला, यावरून भारताचें बेट त्या सुमारास उत्तरेकडील भूमीस लागलें असावें किंवा मध्यें येण्याजाण्याची कांहीं वाट असावी, असें अनुमान शास्त्रज्ञ करतात. एका दाढेवरून खंडांची सोयरीक जुळते ती अशी.

याच्या पुढल्या काळांतील दुसरें एक निर्वंश कुल तर खास आपल्या उपखंडाचें. १९७८ सालीं हुसेन, द ब्रुइन व लाइंडर्स या तिघां संशोधकांनीं पाकिस्तानी पंजाबांतील काला चिट्टा डोंगरांतून मिळालेल्या दाढांचें वर्णन केलें, आणि एका मूषकाचें नांव ठेविलें ‘चपातीमिस’! मिस म्हणजे उंदीर, हें वर आलेंच आहे. आणि चपाती म्हणजे आपली चपातीच. हें नांव आम्हीं घरांत वाचून दाखविलें तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, उंदराला चपातीचें नांव द्यावयास शास्त्रज्ञ कशाला हवे होते? आमच्या फडताळानें तें केव्हांच दिलें असतें!” या चपातीमिसवरून सबंध कुलाचें नांव ‘चपातीमायिडी’ असें पडलें. जम्मूकडील कालाकोट येथील थरांतूनही या कुलाच्या दाढा मिळाल्या आहेत. कांहीं पंडित यास स्वतंत्र कुल मानतात, कांहीं दुसऱ्या कुलाची पोटशाखा समजतात. भाऊबंदकीचा हा वाद आपल्याकडील वंशावळींच्या वादांहून कमी चुरशीचा नाहीं. पण एक गोष्ट सर्वांस मान्य आहे: या दाढा आफ्रिकेंतील ‘गुंडी’ नांवाच्या खडकांत राहणाऱ्या आजच्या कृंतकांच्या घराण्याजवळच्या आहेत. दूरचे भाऊबंद आफ्रिकेंत नांदत आहेत. पंजाबांतील मूळ वाड्यांत मात्र दिवा लावावयास कोणी उरलें नाहीं.

आणि आपला घरचा उंदीर? त्याच्या कुलाचा सर्वांत जुना पुरावाही याच उपखंडांत, पोटवारच्या शिवालिक थरांत सांपडतो. पण तो अवघ्या १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वींचा. म्हणजे चपातीमिसचें कुल गेल्यावर कोट्यवधि वर्षांनीं हें कुल उदयास आलें. मधल्या काळांत पृथ्वी थंडावली, कांहीं ठिकाणीं घनदाट रानें आटलीं, गवताळ मैदानें वाढलीं, अन्न बदललें. ज्यांच्या दाढा त्या अन्नास पुरल्या ते राहिले, बाकीचे गेले. घनघोर युद्ध नाहीं, प्रलय नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या घरांत पोरें कमी होत जावींत आणि एक दिवस दाराला कुलूप लागावें, तसें झालें.

एवढ्यावर लेख संपविला असता, परंतु शोधतां शोधतां एक नवल आढळलें. ‘डायाटोमायिडी’ नांवाचें कृंतकांचें आणखी एक कुल. त्याचे अवशेष आशियांत ठिकठिकाणीं मिळालेले. तें १ कोटी १० लाख वर्षांपूर्वीं निर्वंश झालें असें सर्व ग्रंथांत लिहिलेलें होतें. पण लाओस देशांत चुनखडीच्या डोंगरांत राहणारें ‘ख-न्यु’ नांवाचें एक जनावर तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या धरून खात होते, बाजारांत विकतही होते. १९९६ सालीं तें संशोधकांच्या नजरेस पडलें, २००५ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन झालें, आणि २००६ सालीं मेरी डॉसन व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, हा तर त्या मेलेल्या कुलाचा जिवंत वारस! ज्याचें श्राद्ध उरकलें तो भाजीबाजारांत उभा राहावा, असेंच हें झालें. लाओसच्या कोळणीस वा शिकाऱ्यास त्यांत कांहीं नवल नव्हतें. नवल होतें तें पाहणाऱ्यास. आणि कोणी पाहिलेंच नसतें तर?

या ‘तर’ने आमची झोंप उडविली, आणि त्याचें कारण घरगुती आहे.

पुण्याजवळ सिंहगड, म्हणजे जुना कोंडाणा. बारा मावळांचा विचार केला तर तोही मावळप्रांतांतलाच. १९७५ सालीं मिश्रा व धांडा या पुण्यांतील दोन शास्त्रज्ञांनीं त्या गडाच्या माथ्यावरील एका मऊ केसांच्या उंदराचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि गडावरूनच त्यास ‘मिलार्डिया कोंडाना’ हें नांव दिलें. तोंवर शास्त्रास तो सर्वस्वीं अज्ञात होता. पुढें कितीतरी वर्षें या जातीचा ठावठिकाणा म्हणून त्या एका माथ्याचेंच नांव घेतलें जाई. संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादींत त्याचें नांव आहे. माथ्यावरचीं झुडपें तुटलीं, गुरांनीं गवत ओरबाडलें, माणसांचा राबता वाढला, तर तो जाणार कोठें? खालच्या शेतांत दुसऱ्या उंदरांचें राज्य आहे.

तीस वर्षांपूर्वीं आम्ही शाळेच्या मुलांची सहल घेऊन सिंहगडावर गेलों होतों. दही-भाकरी खाऊन निघण्याच्या वेळीं एक मुलगा रुमालांत कांहीं गुंडाळून घेऊन आला. झुडपाखालीं मरून पडलेला लहानसा उंदीर. अंग करडें, केस अतिशय मऊ. “गुरुजी, हा आपल्या घरच्यासारखा नाहीं दिसत,” तो म्हणाला. आम्हीं काय केलें? “उंदीर तो उंदीर! टाक तो, आणि हात धू,” असें त्यास दरडावलें. त्यानें तो कड्यावरून खालीं भिरकावला आणि टांक्यावर हात धुतले. तो कोंडाण्याचा उंदीर होता कीं साधा रानउंदीर, हें आज कोणासही सांगतां येणार नाहीं. पण मुलगा पाहत होता आणि गुरुजी पाहत नव्हते, एवढें खरें. चाळीस मुलांसमोर आम्हीं त्या दिवशीं जो धडा दिला, तो जन्मभर दिलेल्या धड्यांपैकीं सर्वांत वाईट होय.

वस्तानच्या मूसकास कोळशानें जपून ठेविलें, चपातीमिसला पंजाबच्या गाळानें. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर तें व्हावयाचें नाहीं. खालीं अग्नीचा पाषाण, त्यावर वीतभर माती, आणि तीवर दरसाल कोसळणारा पाऊस. एकट्या लोणावळ्यास तो ४,००० मिलिमीटरांहून अधिक पडतो. येथें मेलेल्या लहान जिवाचें हाड दोन-चार पावसाळ्यांत विरून जातें अथवा ओढ्यानें वाहून जातें. तेव्हां आपल्या डोंगरांतून जी जात जाईल ती मागें दाढसुद्धां न ठेवितां जाईल. साडेपांच कोटी वर्षांनीं येथें चाळणी घेऊन येणाऱ्या पंडितास कांहीं मिळावयाचें नाहीं. तिची साक्ष द्यावयाची तर ती आजच, जिवंत माणसांनीं, डोळ्यांनीं पाहून आणि लिहून ठेवूनच दिली पाहिजे.

म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः घरांतील मातापित्यांस, एक विनंति आहे. मुलांस गडावर न्याल तेव्हां त्यांच्या हातीं एक वही द्या. जें दिसेल तें, कोठें दिसलें, कोणत्या दिवशीं दिसलें, हें त्यांनीं लिहावें. बीळ उकरूं नये, झुडूप मोडूं नये, उष्टें अन्न माथ्यावर टाकूं नये. उष्ट्यावर पोसतो तो घरचा उंदीर, आणि रानच्या उंदरास तो शेजार सुखाचा नाहीं. आणि मूल कांहीं दाखवावयास आलें तर, कृपा करून, “टाक तें” असें म्हणूं नका.

पिंजऱ्यांत तिसऱ्या रात्रीं उंदीर सांपडला. त्याचें काय झालें तें सांगत बसत नाहीं. त्याच्या कुलास तूर्त कसलेंच भय नाहीं. कपाटामागची कवटी मात्र नातवानें काड्यापेटींत कापूस घालून ठेविली आहे. पेटीवर चिठ्ठी चिकटविली आहे, आणि तिच्यावर त्याच्या वेड्यावांकड्या अक्षरांत लिहिलें आहे: घरउंदीर, लोणावळें, आबांचें कपाट, श्रावण वद्य दशमी. तिथीपुढें इंग्रजी तारीखही घालावयास आम्हीं सांगितलें. ती त्यानें घातली.